नस म्हणजे नेमकी कुठली? भडंगवाल्या काकींच्या पायांचं प्रकरण

"डॉक्टर, नसांचा त्रास हाय," काकी म्हणाल्या आणि मी केसपेपरवर तसंच लिहून घेतलं. पुढच्या चार महिन्यांत जे काही चुकलं, ते या एका शब्दावर विसंबून राहिल्यामुळं चुकलं.

आपल्याकडं सलाईन लावताना सिस्टरला 'नस' सापडत नाही, ती असते नीला, म्हणजे रक्त हृदयाकडं परत नेणारी. रात्री पोटरीत गोळा आला की 'नस चढली' म्हणतो, तो स्नायू. कंबरेतून पायात कळ गेली की 'नस दबली', ती चेतातंतू, म्हणजे संवेदनेची खबर वर मेंदूकडं नेणारी तार. टाचेच्या मागची 'धोरी नस' म्हणजे कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. आणि कुणाला अर्धांगवायू झाला की 'मेंदूतली नस फुटली', ती रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी. पाच निराळ्या गोष्टींना शब्द एकच. पेशंट तो शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्या मनात एक असतं, मेडिकलवाल्याच्या मनात दुसरं, तेलमालीश करणाऱ्याच्या मनात तिसरं. डॉक्टरला तरी फरक कळायला हवा. काकींच्या बाबतीत मला तो फार उशिरा कळला, म्हणून हे सगळं लिहितोय. त्यांना विचारून लिहितोय आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

काकींचं वय ६१. सांगलीत गावभागात राहतात, घरातच भडंग करून दुकानांना देतात, २९ वर्षं झाली. मधुमेह ११ वर्षांचा, रक्तदाब ७ वर्षांचा, दोन्हीची औषधं माझ्याकडचीच. गळ्यात माळ आहे, त्यामुळं अंडी, मटण, मासे काही नाही. ही माळेची नोंद मी आहाराच्या रकान्यात करून विसरून गेलो होतो.

तक्रार अशी होती: "रातच्याला पाय नुसतं पेटत्यात बघा. आणि संध्याकाळी असं जड हुत्यात, उचलवत न्हाईत. पोरगा म्हणला नसा खराब झाल्यात."

या वाक्यात दोन आजार शेजारी शेजारी उभे होते. मी एकच ऐकला.

फेब्रुवारी ते मे

पाय पेटतात, मधुमेह जुना आहे, म्हणजे चेतातंतूंचा त्रास. इथवर माझं बरोबर होतं. प्रीगॅबलिन ७५ मिलिग्रॅम रात्री सुरू केलं, पंधरा दिवसांनी दोन वेळा केलं. आग "चार आणे कमी" झाली. पण सूज वाढली. काकी पाय दाखवायला साडी घोट्याच्या वर घ्यायच्या, स्टुलावर बसूनच. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळपट, खरखरीत झालेली दिसली, पोटरीवर एक-दोन फुगलेल्या शिरा दिसल्या. मी म्हटलं, "काकी, व्हेरिकोज व्हेन्स आहेत. पायमोजे घाला, त्या घट्ट पट्ट्यांचे मिळतात ते."

एवढंच बोललो. कुठले, किती दाबाचे, कोणी माप घ्यायचं, काही नाही. बाहेर बाकड्यावर वीसेक पेशंट होते हे खरं आहे, पण ते काही कारण झालं नाही.

मुलानं ऑनलाइन मोजे मागवले, 'फ्री साइज'. वरची कडा गुंडाळली जाऊन गुडघ्याखाली तिचं कडं व्हायचं. ते कडं दिवसभर पोटरी आवळत बसायचं आणि खालची सूज आणखी खाली साठायची. नंतर मी पाहिलं तेव्हा त्या जागी करंगळी बसेल एवढी खाच होती.

दरम्यान घरात बाकीचे उपायही चालू होते आणि त्यातलं मला काहीच माहीत नव्हतं. एक गृहस्थ आठवड्यातून दोनदा येऊन गरम तेलानं 'नसा मोकळ्या' करून जात. मुलानं मेडिकलमधून 'नसांच्या गोळ्या' आणल्या होत्या. आणि रात्री झोपताना मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय शेकणं चालू होतं. लहान बादली, एका वेळी एकच पाय मावायचा. आधी उजवा, मग डावा.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात काकी उजवा पाय बादलीत सोडून बसल्या होत्या, आणि तेवढ्यात एका दुकानदाराचा ऑर्डरसाठी फोन आला. दहा मिनिटं तरी बोलणं चाललं. सून पाणी बदलायला आली, बादलीत हात घातला आणि चटका बसून ओरडली. काकींना काहीच जाणवलं नव्हतं. सकाळी पावलाच्या वरच्या बाजूला आणि दोन बोटांवर फोड आले होते. घरच्यांनी त्यावर हळद दाबली. सांगलीत जखमेला हळद लावू नका म्हणणारा डॉक्टर म्हणजे कोल्हापुरात तांबडा-पांढरा सोडा म्हणणारा. तरी ते म्हणावंच लागतं, कारण भाजलेल्या जागेवरची हळद धुऊन काढता काढता निम्मी जखम उघडी पडते आणि खालचं मांस लाल आहे की पिवळं, हेच दिसत नाही.

काकींचा प्रश्न साधा होता. "पायाला आग हुती, मग आगीचं कळंना कसं?"

मला वाटतं या आजारातलं सगळ्यात गोंधळात टाकणारं आणि सगळ्यात धोक्याचं हेच आहे. चेतातंतू खराब होतात तेव्हा ते एकाच वेळी दोन प्रकारे बिघडतात. बाहेरून येणारी खबर वर पोचवत नाहीत आणि न आलेली खबर स्वतःच तयार करून पाठवत राहतात. फोन बिघडला की खरखर चालू राहते आणि समोरच्याचा आवाज येत नाही, तसंच. पायाला आग होतेय म्हणजे पाय 'जिवंत' आहे, संवेदना शाबूत आहे, असं लोकांना वाटतं. काकींच्या पावलांत आग रात्रभर होती आणि कढत पाण्याचा पत्ता नव्हता.

रविवारची दुपार

पहिली मलमपट्टी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झाल्यावर मी त्यांना रविवारी दुपारी बोलावलं, बाहेर कोणी नसताना. सुनेला सांगितलं, घरात जेवढ्या म्हणून गोळ्या आहेत त्या सगळ्या पिशवीत घालून आणा, संपलेल्या पाकिटांसकट.

पिशवी टेबलावर रिकामी केली. माझ्या गोळ्या होत्या. आणि 'नसांच्या गोळ्यां'चं पाकीट होतं. मागची बारीक अक्षरं वाचली तर आत मिथाइलकोबालमिन, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व, आणि सोबत प्रीगॅबलिन ७५. आपल्या बाजारात अशा जोडगोळ्या सर्रास मिळतात. दिवसाला दोन. म्हणजे मी देत होतो १५० मिलिग्रॅम आणि पोटात जात होतं ३००. शिवाय हे औषध शरीराबाहेर टाकायचं काम किडनीचं, आणि काकींच्या किडनीची शेवटची तपासणी आठ महिन्यांपूर्वीची होती. काकी मध्येच म्हणाल्या, "कढईपुढं मला हल्ली गरगरतंय." तापलेल्या तेलापुढं. मी काहीच बोललो नाही.

प्रीगॅबलिननं पायाला सूज येते, हे कुठल्याही पुस्तकात आहे. मी आणखी मागं गेलो. डिसेंबरात रक्तदाब चढा होता म्हणून ॲम्लोडिपिन ५चं १० केलं होतं. तेही मीच. ॲम्लोडिपिननंही घोटे सुजतात, डोस वाढला की जास्त. दोन औषधं मिळून पाय फुगवत होती आणि मी दोष शिरांना देत बसलो होतो. खरं तर खूण समोरच होती: सूज दोन्ही पायांना सारखी होती. उजव्या पायावर फुगलेली शीर एकही नव्हती, मग तो का सुजावा? हा प्रश्न मला फेब्रुवारीत पडायला हवा होता.

मग मी त्यांना उभं केलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. व्हेरिकोज शिरा बसून किंवा झोपून बघायच्याच नसतात, आडवं झालं की त्या रिकाम्या होतात. उभ्या राहिल्यावर दोनच मिनिटांत डाव्या मांडीच्या आतून गुडघ्याखालपर्यंत दोरखंडासारखी शीर वर आली. सून म्हणाली, "अगं बाई."

शिरांचं काम समजायला सांगली जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं काही शिकवावं लागत नाही. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गेला की वर चढलेलं पाणी परत विहिरीत उतरतं. पायातल्या शिरांना आत जागोजागी अशा झडपा असतात. रक्त खाली सोडायला हृदय आहे, पण वर चढवायला मोटार म्हणजे पोटरीचे स्नायू, आणि ते चालल्याशिवाय नीट आवळत नाहीत. झडप गेली की रक्त घोट्यापाशी तुंबतं. वर्षानुवर्षं तुंबलं की तांबड्या पेशी शिरेबाहेर झिरपतात, त्यातलं लोह कातडीत साठतं आणि घोट्यावर तो काळपट डाग पडतो. काकींना वाटत होतं, चप्पल घासून झालंय.

नंतर एकदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा मोटार बंद का पडली तेही कळलं. कमरेएवढा कट्टा, त्यावर शेगडी, मोठी कढई. तेलात लसूण, शेंगदाणे, कढीपत्ता, मग तिखट-मीठ-मसाला, आणि वरून चिरमुऱ्यांचा ढीग. झारा घेऊन हात सारखा फिरतो, पावलं मात्र शहाबादीवर खिळलेली. एक घाणा सात-आठ मिनिटांचा. तो उतरला की पुढचा. दिवसाला चाळीस घाणे, सणाला त्याहून जास्त. समोरून शेगडीची धग, आणि उष्णतेनं शिरा आणखी सैल पडतात. २९ वर्षं हात चालला आणि पोटरी उभीच राहिली.

त्या रविवारी मी त्यांना जे विचारलं ते इथं देतो, कारण पाय दुखणाऱ्या कुणालाही ते स्वतःला विचारता येईल. त्रास कधी जास्त? जडपणा संध्याकाळी, आग रात्री अकरानंतर. पाय उशीवर उंच ठेवले तर? जडपणा अर्ध्या तासात उतरतो, आगीला काही फरक नाही. पांघरूण पायाला लागलेलं चालतं? "न्हाई, चादर बी टोचती." गार फरशीवर पाय ठेवला तर? "तेवढंच बरं वाटतं." आयर्विन पुलावरून चालत गेलात तर मध्ये पोटरी भरून थांबावं लागतं का, आणि थांबलं की लगेच बरं वाटतं का? नाही. कंबरेतून एकाच पायात कळ उतरते का? नाही.

आता यांतली पहिली दोन उत्तरं नीला आणि चेतातंतू वेगळे करणारी, तिसरं-चौथं चेतातंतूंचं. पुलाचा प्रश्न रोहिणीसाठी होता, कारण पायाला रक्तच कमी पोचत असेल तर चालताना पोटरी दुखते. शेवटचा मणक्यासाठी. मधुमेही माणसाच्या पायात हे चारही एकत्र असू शकतात. काकींकडं दोन होते.

त्यांना डोळे मिटायला सांगून नायलॉनचा तंतू तळपायाला टेकवला. हा तंतू १० ग्रॅम दाबाला वाकतो, एवढाच दाब जाणवतो का ते बघायचं. प्रत्येक पायावर दहा जागा. उजवीकडं चार ठिकाणी "हां" म्हणाल्या, डावीकडं पाच. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवला, थरथर कळली नाही. गुडघ्यावर ठेवला तेव्हा दचकल्या. "आत्ता कळलं बघा!" टाचेमागच्या कंडरेवर हातोडी मारली की पावलाला येतो तो झटका दोन्हीकडं नव्हता. पावलांच्या नाड्या मात्र बोटाला स्वच्छ लागत होत्या, आणि तीच काय ती त्या दिवसातली चांगली बातमी.

नाड्या लागल्या तरी मी हाताचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून भागाकार केला. हातात १४०, घोट्यात १५२, म्हणजे १.०९. साधारण ०.९ ते १.३ मध्ये आलं की पायाला रक्त नीट पोचतं असं धरतात. मधुमेहात रोहिण्या टणक होऊन हा आकडा फसवा मोठा येऊ शकतो, म्हणून नाडीचा आवाजही डॉप्लरवर ऐकला. हा भागाकार दाबाचे मोजे सांगण्याच्या *आधी* करायचा असतो. पायाला आधीच रक्त कमी पोचत असेल आणि वरून घट्ट मोजा चढवला, तर बोटं काळी पडू शकतात. एप्रिलमध्ये मी हे न बघता मोजे सांगितले होते. काकींच्या रोहिण्या चांगल्या निघाल्या ते त्यांचं नशीब.

रक्ताचे रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आले. तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीए१सी, ८.९. क्रिएटिनिन १.३, या वयाच्या बाईला म्हणजे किडनीचं काम निम्म्याच्या आसपास. थायरॉइड, ईसीजी ठीक. लघवीत प्रथिनं किंचित. बी-१२ मात्र सातशेच्या वर, भरपूर.

इथं मी फसलो असतो. मधुमेहाचं मेटफॉर्मिन ११ वर्षं चालू, आणि ते दीर्घकाळ घेतलं की बी-१२ कमी होतं. त्यात माळकरी, म्हणजे आहारातून मिळणार ते फक्त दुधा-ताकातून. बी-१२ कमी झालं तरी पायांची अशीच आग होते. मग सातशे कसं? उत्तर त्या पाकिटात होतं. तीन महिने रोज बी-१२ पोटात जात असल्यावर रक्तात ते दिसणारच. आधी किती होतं याचा पुरावा गोळ्यांनी पुसून टाकला होता. मी त्यांची जुनी फाइल काढली. मागच्या वर्षीच्या रक्ततपासणीत तांबड्या पेशींचा आकार १०४ होता, तो साधारण शंभरपर्यंत असतो. बी-१२ कमी असलं की पेशी अशा फुगतात. त्या आकड्याशेजारी माझीच सही होती.

मिरजेची फेरी

कलर डॉप्लर, म्हणजे शिरांतलं रक्त कुठं कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, मिरजेत केला. मिरज हे दवाखान्यांचं गाव, मिशनरी डॉक्टर वानलेसनी १८९४ साली तिथं दवाखाना काढला तेव्हापासून. आमच्याकडं 'मिरजेला दाखवा' म्हटलं की पेशंट घाबरतो, पण काकी खुशीत होत्या, येताना दर्ग्यालाही जाऊन आल्या.

ही तपासणी उभं करून होते. पोटरी दाबून सोडतात आणि रक्त उलटं किती वेळ वाहतं ते मोजतात. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त असेल तर झडप निकामी. काकींच्या डाव्या पायाच्या मोठ्या शिरेत, जांघेत ती खोल शिरेला मिळते तिथपासून, ते २.४ सेकंद होतं. आतल्या खोल शिरा मोकळ्या, गुठळी कुठं नाही. उजवा पाय जवळपास स्वच्छ.

रक्तवाहिन्यांच्या सर्जननी लेझरनं ती शीर आतून बंद करण्याचा सल्ला दिला. काकींनी लगेच विचारलं, "मग आग थांबंल?" कुठल्याशा मोफत शिबिरात त्यांना तसं सांगितलं गेलं होतं, की शिरांचं ऑपरेशन केलं की पायाची आगबीग सगळं जातं. सर्जन सरळ म्हणाले, "नाही. जडपणा जाईल, खाज जाईल, घोट्याला जखम होण्याची भीती कमी होईल. आग तुमच्या साखरेची आहे, ती माझ्या लेझरनं जाणार नाही." मला हे फार बरं वाटलं. पैसे खर्च करून लेझर केलं आणि रात्रीची आग तशीच राहिली असती, तर काकींच्या लेखी सगळी उपचारपद्धतीच खोटी ठरली असती.

पण आधी साखर आणि जखम. लेझर पुढं ढकललं.

औषधं मी अशी बदलली. (हे वाचून कुणी आपलं औषध आपणच बंद करू नये, प्रीगॅबलिन एकदम तोडलं तर झोप उडते, घाम फुटतो, आग दुप्पट होते.) ॲम्लोडिपिन काढून टेल्मिसार्टन दिलं, दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहिलं. जोडगोळी बंद, माझं प्रीगॅबलिन हळूहळू उतरवून बंद. त्याजागी ड्युलॉक्सेटिन ३०, सकाळी जेवणानंतर, महिन्यानं ६०. पहिले आठ-दहा दिवस मळमळलं, "पान्यात पडल्यागत" वाटलं, मग सरलं. बी-१२ची काही इंजेक्शनं आणि पुढं साधी गोळी, सोबत दुसरं काही नसलेली. साखर मुद्दाम सावकाश खाली आणली. वर्षानुवर्षं चढलेली साखर दोन-तीन महिन्यांत धाडकन उतरवली तर चेतातंतूंचं दुखणं काही काळ उलट भडकतं, हे लोकांना कोणी सांगत नाही. मग 'डॉक्टरच्या औषधानं वाढलं' म्हणून औषध सुटतं. सहा महिन्यांनी ७.६ झाली.

तीन आठवड्यांत सूज ओसरली. उजव्या पायाची पूर्ण, डाव्याची निम्मी. जी निम्मी राहिली तेवढीच खरी शिरांची होती.

मोज्यांचं माप आम्ही सूज उतरल्यावरच घेतलं, सकाळी उठल्या उठल्या. सुजलेल्या पायाचं माप घेतलं तर महिन्याभरात मोजा ढिला पडतो. घोट्याचा घेर, पोटरीचा घेर, गुडघ्याखालपर्यंतची लांबी. वर्ग दोनचे, घोट्यापाशी २३ ते ३२ मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब, बोटं उघडी. सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकवायच्या आत घालायचे, रात्री काढायचे, काढल्यावर सुनेनं दोन्ही पावलं आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. बधिर पायाला मोजा टोचला तर सांगणार कोण?

घालणं हे मात्र दिव्य होतं. काकींच्या हातात २९ वर्षांच्या झाऱ्याची ताकद, तरी मोजा टाचेच्या पुढं जाईना. सुनेनं युक्ती काढली. साडीच्या दुकानातली गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी पावलावर चढवायची, त्यावरून मोजा सरकवायचा आणि बोटांच्या उघड्या बाजूनं पिशवी ओढून काढायची. सुर्र आवाज करत पिशवी बाहेर येते. काही पेशंट हीच युक्ती करतात असं मला नंतर कळलं, पण माझ्या लेखी ती या सुनेचीच.

खाटेच्या पायथ्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा. तेलमालीशवाल्या गृहस्थांना नमस्कार. शेकणं कायमचं बंद. कामाचं काय करायचं यावर बराच वेळ बोललो, कारण "उभं राहू नका" हा सल्ला भडंग करणाऱ्या बाईला देणं म्हणजे दुकान बंद करा सांगणं. शेवटी ठरलं ते असं: एक घाणा उतरला की कट्ट्याला धरून वीस वेळा टाचा उचलायच्या. चाळीस घाणे, आठशे टाचा. पोटरीची मोटार दिवसभर थोडी थोडी चालू राहते. घड्याळाचं काही लक्षात ठेवावं लागत नाही, आणि माझ्या मते म्हणूनच ते टिकलं. चालायला जा म्हणून मी याआधी पंचवीस वेळा सांगितलं असेल, एकदाही झालं नव्हतं.

भाजलेली जखम भरायला सात आठवडे लागले. एक बोट मध्येच चिघळलं होतं, तेव्हा माझी झोप गेली होती. त्यात फार शिरत नाही.

दिवाळी आणि नंतर

दिवाळीच्या आठवड्यात ऑर्डरी दुप्पट होत्या. भाऊबीजेनंतर काकी आल्या तेव्हा डावा पाय टम्म. चार दिवस मोजे घातलेच नव्हते. "खोटं न्हाई बोलायची. पहाटं तीनला उठायचं, त्यात ती पिशवी आन् ते कोण करत बसतंय." टाचा? "टाचा केल्या." मी रागावलो नाही. विटा होत्या, दोन दिवसांत उतरलं.

जानेवारीत लेझर झालं, जागेवर भूल देऊन, त्याच दिवशी चालत घरी. आधी सर्जननी पायावर पेननं रेघ मारली आणि गुडघ्याच्या थोडं खाली थांबवली. काकींनी विचारलं, पुढचं का नाही? सर्जन म्हणाले, तिथून खाली त्या शिरेला चिकटून एक चेतातंतू जातो, तो भाजला तर पोटरीच्या आतली बाजू बधिर होते. म्हणजे नसेला लागून नस. काकी माझ्याकडं बघून हसल्या. तोवर त्यांना या शब्दाची सगळी गंमत कळली होती.

एप्रिलमध्ये वर्ष पूर्ण होता होता पुन्हा सगळं मोजलं. संध्याकाळचा जडपणा गेलाय. घोट्याची खाज दीड महिन्यात थांबली, डाग आहे तिथंच आहे आणि तो बहुतेक राहणार. नायलॉनचा तंतू उजवीकडं पाच ठिकाणी कळतो, आधी चार ठिकाणी कळायचा. हा फरक मी फरक धरत नाही. रात्रीची आग, दहापैकी आठ होती ती आता तीन. ती बी-१२नं कमी झाली, ड्युलॉक्सेटिननं की साखरेनं, ते मला सांगता येणार नाही, कारण तिन्ही मी एकदमच सुरू केलं. वैज्ञानिक म्हणून हे वाईट. पेशंट रात्रीची झोपते, हे बरं.

अजून कधीमधी दोन-अडीचला जाग येते. मग त्या उठून पाच मिनिटं गार फरशीवर पावलं टेकून बसतात. मी चालेल म्हटलंय, एका अटीवर. आधी दिवा लावायचा आणि फरशीवर टाचणी, काच, पेटलेली उदबत्ती काही पडलेलं नाही ना, ते डोळ्यांनी बघायचं, मगच पाय ठेवायचा.